सहा जुलैची लागण

पुणे,
१४ सप्टेंबर १९९६

ती. भीमराजमामांना दीपाचा जयभीम.

बातमी अशी, की माझा पीएच.डी.चा विषय मंजूर झाला आणि तो तुमच्याच कारखान्याचा आहे. हे वाचून तुम्ही चष्मा काढाल आणि कपाळाला आठ्या घालाल, ते मला इथून दिसतंय. आधी पुढचं वाचा, मग आठ्या घाला. विषयाचं नाव 'ऊसतोडणीच्या कार्यपद्धतीची संगणकाधारित फेररचना'. आमच्या सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचलं.

ऑगस्टमध्ये आले होते तेव्हा संगणक विभागाच्या नितीननं मला सगळं दाखवलं. सभासदानं ऊस लावला की लागणीची तारीख यंत्रात जाते. यंत्र तारखा ओळीनं लावतं. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. रोज यादी छापून निघते, यादीप्रमाणे परवाना, परवान्याप्रमाणे तोडणी मजुरांची टोळी. मध्ये माणसाचा हात नाही. ऊस संचालकाचा असो नाहीतर एखाद्या एकट्या बाईचा, यंत्राला दोघं सारखेच. मामा, कारखान्यात आधी ओळख गाळतात आणि मग ऊस, असं तुम्हीच म्हणायचात ना? आता ती सोय गेली.

तुमचं काम एवढंच. हंगाम सुरू झाला की छापील यादीची एक प्रत आणि प्रत्यक्षात कुणाकुणाचा ऊस आला त्याचा तपशील दर आठवड्याला पाठवा. टक्केवारी मी काढीन. आणि रागावू नका, पण तुमची ती लाल कापडाची नोंदवही आता कपाटावर ठेवायला हरकत नाही. प्रबंधात 'पूर्वीची पद्धत' नावाचं प्रकरण आहे, त्यात तिला जागा देईन. हवं तर फोटोही छापीन, तुमच्यासकट.

मामींना सांगा, दिवाळीला येणार नाही. काम फार आहे.

तुमची,
दीपा


पुणतांबा,
२९ सप्टेंबर १९९६

चि. दीपा, आशीर्वाद.

तुझं पत्र घरी तुझ्या मामीला वाचून दाखवलं. फेररचना म्हणजे काय, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, पूर्वेला असलेलं चुलीचं तोंड पश्चिमेला करायचं, आणि आता भाकरी आपोआप भाजेल म्हणून बाहेर जाऊन बसायचं.

तुझी ती खोली मीही पाहिली. उद्घाटनाचा नारळ व्हरांड्यात फोडला, यंत्रावर पाणी उडू नये म्हणून. आत जायचं तर चपला काढायच्या. यंत्राला उकडतं म्हणून खिडकीत गार हवेची पेटी बसवली आहे. आमच्या गट ऑफिसातला पंखा उन्हाळ्यापासून बंद आहे, पण आम्ही पडलो माणसं, आम्हाला कशाला उकडेल? नितीन टाय बांधून बसतो. पोरगा वाईट नाही. परवा मला विचारत होता, 'काका, आडसाली म्हणजे नक्की कुठल्या साली?' त्याला म्हटलं, बाबा, जुलै-ऑगस्टात लावतात आणि पुढच्या सालच्या हंगामात, सोळा महिन्यांनी तोडतात, ती आडसाली. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. ज्या यंत्रात उसाचा सगळा हिशेब आहे म्हणतेस, त्याचा मालक मला उसाचं वय विचारतो.

सव्वीस वर्षं मी ऊस नोंदवतो आहे. आपल्या वस्तीतून शेतकी खात्यात खुर्चीवर बसलेला मी पहिला. माझ्या बापाचं नाव गावच्या कुठल्या वहीत कधी आलं नाही, आणि अख्ख्या गावाच्या शेतांच्या तारखा लिहायला मी बसलो. म्हणून अक्षर जपलं. कुणी बोट ठेवायला नको.

आणि माणसाचा हात नाही म्हणतेस, तर तारखा यंत्रात आभाळातून पडतात काय? त्या माझ्याच वहीतून जातात. मी बांधावर उभा राहून लिहितो. भागूबाई तुला आठवत असेल, दहा माणसांना पुरून उरणारी. श्रीमंतराव संचालकांच्या शेताला लागून तिचा दीड एकर आहे. गेल्या वर्षी सहा जुलैला मी तिची नोंद घेतली, तेव्हा ती सरीत बेणं दाबत होती. हात चिखलानं भरलेले, म्हणून मी अंगठ्याची शाई पुढं केली. तर म्हणाली, 'ठेव ती शाई. मला सही येती.' लुगड्याला हात पुसून तिनं सही केली. हे तुझ्या यंत्रात कुठं दिसतं का बघ.

याद्या पाठवीन. फोटो काढायचा तर मी धडधाकट असताना काढ.

तुझा मामा,
भीमराज


पुणे,
२४ नोव्हेंबर १९९६

ती. मामांना जयभीम.

तीन आठवड्यांच्या याद्या आणि तपशील मिळाले. आता खुर्चीला घट्ट धरून बसा. दोनशे बारा शेतांपैकी दोनशे नऊ शेतांचा ऊस बरोबर यादीतल्या दिवशी तुटला. साडेअठ्ठ्याण्णव टक्के! सरांनी आकडा तीनदा तपासला. परदेशातल्या कारखान्यातही एवढी शिस्त कुठं नोंदलेली नाही म्हणाले. फेब्रुवारीत इथं मोठा परिसंवाद आहे, त्यात मी निबंध वाचायचा आणि तुमच्या कारखान्याच्या अध्यक्षांना पाहुणे म्हणून बोलवायचं, असं ठरलंय.

वही तुमच्या हाती होती तेव्हा टक्के किती होते, हे विचारणार नाही. उत्तर मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही.

पाकिटावर हल्ली 'वजनकाटा' असा शिक्का दिसतो. तुमची काट्यावर बदली झाली का? गाड्या मोजायच्या, म्हणजे जबाबदारीचं काम. बढतीच असणार. कळवलं नाहीत, हे मात्र चुकलं. पेढे राहिले.

घाईत,
दीपा


पुणतांबा,
८ डिसेंबर १९९६

चि. दीपा,

होय, मी काट्यावर आहे. पेढ्यांची वाट बघू नकोस. इथं धूळ खूप आहे आणि बोलायला कुणी नाही, म्हणून मला इथं बसवलंय.

एवढं शिकलीस, पण कागदाचा कोपरा वाचायला शिकली नाहीस. तुला पाठवलेल्या याद्या काढ. उजव्या हाताला वर बारीक आकड्यात यादी छापल्याची वेळ असते. ती बघ आणि मग मला सांग, की टोळी सकाळी सातला कोयता घेऊन फडात उतरते, ती कुठल्या यादीप्रमाणे उतरते.

आता भागूबाईची गोष्ट. तिचा ऊस नोव्हेंबर संपला तरी उभाच. कमरेला पदर खोचून ती थेट संगणकाच्या खोलीत गेली. मी काट्याचे कागद द्यायला तिथं होतो, म्हणून सगळं कानांनी ऐकलं.

नितीन म्हणाला, 'बाई, तुमची लागण सहा सप्टेंबरची आहे. तुमचा नंबर फेब्रुवारीनंतर.'

'कोनाची लागण?'

'तुमची.'

'म्या जुलैत लावला ऊस, ह्या हातानं. त्यो काय बांधावर आल्ता का बघायला?'

'कोण?'

'ह्योच की, तुमचा संगनक.'

'बाई, त्यात चूक होत नाही.'

'मंग माज्या उसाचीच चूक झाली म्हन. दोन म्हैने आदीच उगवला मेला!'

खोलीतले सगळे हसले. ती हसली नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, 'भीमराज, तू लिवली हुतीस ना तारीख? मंग बोल की.' मी कागद ठेवले आणि काट्यावर परत आलो.

तिच्या शेजारचा श्रीमंतरावांचा फड मात्र नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच तुटून गेला होता. त्यांची लागण मीच नोंदलेली आहे, अकरा सप्टेंबर. तुझ्या साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांत तो फड आहे, मी तपशील पाठवला तेव्हा पाहिलं. शाबासकी घे.

मामा


पुणे,
१५ डिसेंबर १९९६

मामांना जयभीम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा एकच वाटलं, की तुमची खुर्ची गेली आणि तुम्ही ती यंत्रावर काढताय. आईचंही तेच मत आहे. तिनं सांगितलं, तुझा मामा पहिल्यापासून मानी, त्याला वहीशिवाय करमत नाही.

छापल्याची वेळ मी पाहिली. संध्याकाळचे सात, सव्वासात. नितीनला फोन केला. यंत्रातलं घड्याळ चुकीचं लावलंय, असं तो म्हणाला. एवढीशी गोष्ट, आणि तुम्ही तिचं राजकारण केलंत.

भागूबाईंबद्दल वाईट वाटलं. पण सहा सात आणि सहा नऊ यांत घोटाळा कुणाच्या हातून झाला असेल? नोंदवहीतून पाहून तारखा टाइप केल्या गेल्या. घाईत लिहिलेला सात नऊसारखा दिसू शकतो. यंत्रानं तुमचं अक्षर वाचलं, मामा. दुसरं काही केलं नाही. माणसाच्या हाताची चूक काय असते, त्याचं हे उत्तम उदाहरण प्रबंधात घ्यावं, असं सरांनी सुचवलं आहे. तुमचं नाव घालणार नाही.

याद्या पाठवत राहा. टोमणे नाही पाठवलेत तरी चालेल.

दीपा


पुणे,
२१ जानेवारी १९९७

ती. मामांना,

पाच आठवडे तुमचं पत्र नाही, यादी नाही. म्हणून शुक्रवारी न कळवता मी पुणतांब्याला येऊन गेले. तुम्ही चौकशीच्या कामासाठी कोपरगावला गेला होतात. कसली चौकशी, हे मला मामींकडून कळलं.

मामी चुलीपुढं बसल्या होत्या. म्हणाल्या, 'म्हैना झाला, घरीच हायेत. कामावरनं काढून ठिवलंय. भागूबाईला तिच्या तारखेची नक्कल लिहून दिली, म्हनून. तुला कळवायचं न्हाई, अशी आन घातली व्हती मला.' नक्कल तुम्ही माझं पत्र मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी दिलीत, हेही त्यांनी सांगितलं. अक्षराबद्दल मी लिहिलेलं पत्र. 

तिथून मी कारखान्यात गेले. सकाळचे साडेनऊ झाले होते. नितीननं खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, आजची यादी दाखव. तो म्हणाला, 'आजची संध्याकाळी मिळेल.'

'टोळ्या तर गेल्यासुद्धा.'

'हो ना. गाड्या काट्यावर आल्या की कुणाचा ऊस तुटला ते कळतं. मग यादी काढतो.'

मला वाटलं, तो थट्टा करतोय. पण तो मन लावून समजावून सांगत होता. 'मॅडम, पहिल्या आठवड्यात आम्ही सकाळीच यादी काढायचो. निम्मी चुकायची. साहेब रागावले. मग लक्षात आलं, आधी काढली की चुकते, नंतर काढली की बरोबर येते. त्या आठवड्याच्या याद्याही मग नव्यानं काढल्या.'

'आणि ते तीन? दोनशे बारातले?'

'ते माझ्याकडून टायपिंगमध्ये राहिले,' तो म्हणाला. त्यानं माफीसुद्धा मागितली.

घड्याळाचं विचारलं तर म्हणाला, तुम्ही फोनवर इतक्या खात्रीनं विचारलंत, की घड्याळच चुकलं असेल ना, म्हणून मी हो म्हटलं.

मामा, हा माझा शोध. ज्यावर सरांनी तीनदा आकडेमोड केली तो हा. ऊस कुठल्याही क्रमानं तोडा, माझी टक्केवारी शंभराच्या आसपासच येणार. एवढी अडाणी मी पाचवीतही नव्हते.

मामींनी मला घरात पडलेल्या तुमच्या जुन्या वहीची पानं दाखवली. तुमचा सात आणि तुमचा नऊ आंधळ्यालाही वेगळे कळतील. मला क्षमा करा. करणार नसाल तर निदान लिहा.

दीपा


पुणतांबा,
२ फेब्रुवारी १९९७

चि. दीपा, आशीर्वाद.

क्षमाबिमा राहू दे. तू आलीस हे बरं झालं. मामीनं तुला भाकरी न खाऊ घालता जाऊ दिलं, म्हणून मी तिच्यावर रागावलो, तर म्हणाली, पोरगी रडत होती, खाणार काय.

तू एवढी खाली मान घालून लिहिलंस, म्हणून मलाही एक लिहिणं भाग आहे. तुला वाटत असेल, मामा धुतल्या तांदळासारखा आणि यंत्र तेवढं खोटं. तसं नाही. माझी नेमणूक श्रीमंतरावांच्या चिठ्ठीवर झाली. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मी जास्तच लक्षात ठेवलं. जुलैत नोंदी लिहिताना मी पानावर दोन ओळी रिकाम्या सोडायचो. सप्टेंबरात त्यांचा ऊस लागला, की त्या ओळींत त्यांचं नाव. शाई तीच, अक्षर तेच, वळणदार. बावीस वर्षं मी हे केलं. अक्षराची मिजास मी तुला उगाच सांगत नव्हतो. खोटं लपवायला ते फार उपयोगी पडलं.

चार वर्षांपूर्वी मी ओळी सोडणं बंद केलं. फार मोठं काही घडलं म्हणून नाही. भागूबाई गट ऑफिसात आली होती, वही उलटी वाचून तिनं रिकाम्या ओळींवर बोट ठेवलं आणि विचारलं, 'हितं कोन बसनार हाय रे, भीमराज?' मी वही मिटली. तेव्हापासून नाही सोडल्या. म्हणूनच या वेळी त्यांना तारखा यंत्रात बदलाव्या लागल्या. श्रीमंतरावांना पुढं घ्यायचं, तर कुणालातरी मागं ढकलायला हवं. शेजारीच भागूबाई होती.

पण एक फरक तुला सांगतो, तो प्रबंधात घाल. मी ओळी सोडायचो तेव्हा लोक माझ्या दारात येऊन मला शिव्या द्यायचे. मला तोंड चुकवता येत नव्हतं. मग मी धडपडून कुणाची तोड आठ दिवस तरी अलीकडं आणायचो. आता लोक कुणाला शिव्या देणार? नितीन म्हणतो, यंत्रात तसं आहे. शेतकी अधिकारी म्हणतात, यंत्रात तसं आहे. श्रीमंतरावसुद्धा हात वर करून म्हणतात, माझ्या हातात काही नाही. चोराला यंत्रानं हात धुवायला पाणी दिलंय, तेही गरम करून.

सोबत आपल्या गावच्या एकेचाळीस शेतांच्या खऱ्या तारखा पाठवतो. माझी वही कारखान्यानं ताब्यात घेतली, पण त्याआधी मी पानं उतरवून घेतली होती. यंत्राच्या तारखांशी ताडून बघ. वापरायच्या की नाही, ते तू ठरव. तुझे सर तुला हाकलतील. वापरणार असशील, तर माझ्या रिकाम्या ओळीही सांग, नावासकट. ते सोडून बाकीचं सांगणार असशील, तर हा कागद फाडून टाक.

मामा


पुणे,
२ मार्च १९९७

ती. मामांना दीपाचा जयभीम.

सांगितलं. सगळं सांगितलं, तुम्ही म्हणालात तसंच.

आधी सरांना कागद दाखवला. त्यांनी तो दोन बोटांत धरला, जणू त्याला चिखल लागला होता. म्हणाले, 'आपण व्यवस्थेचा अभ्यास करतो, गावकीचा नाही.' मी म्हटलं, सर, यादी काम झाल्यावर छापतात. त्यावर ते जरा विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा खुलला. 'मग असं करू, शीर्षकात तात्काळ अद्ययावत होणारी यादी असा उल्लेख करू. ते जास्त आधुनिक वाटेल.' मामा, या माणसाला दोन सुवर्णपदकं मिळालेली आहेत.

परिसंवादाला शंभरेक माणसं होती. पहिल्या रांगेत तुमचे अध्यक्ष, त्यांच्या शेजारी श्रीमंतराव, रेशमी फेटा बांधून. मी निबंधाची पहिली पानं वाचली. मग पडद्यावर दोन रांगा दाखवल्या. डावीकडं वहीतली तारीख, उजवीकडं यंत्रातली. एकेचाळीसपैकी तेरा वेगळ्या. सात शेतं पुढं सरकलेली, सगळी संचालकांची नाहीतर त्यांच्या सोयऱ्यांची. सहा मागं ढकललेली. मग यादी छापल्याची वेळ सांगितली. शेवटी तुमच्या बावीस वर्षांच्या रिकाम्या ओळी सांगितल्या. भीमराज पगारे माझे मामा आहेत आणि हे त्यांनी स्वतः लिहून दिलं आहे, हेही.

मला वाटलं होतं, गोंधळ होईल. काही झालं नाही. अध्यक्ष पाणी प्यायले. श्रीमंतराव माझ्याकडं असे बघत होते, जणू चुकून भलत्याच लग्नाला आलेत. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस उठला आणि त्यानं विचारलं, यादी मराठीत छापता येते, हे तुम्ही का नाही सांगितलं? तज्ज्ञ लोक! एकालाही भागूबाईचं नाव विचारावंसं वाटलं नाही. सरांनी आभार मानताना सांगितलं, की संशोधक तरुण आहेत आणि भावनिक आहेत.

चहाच्या वेळी त्यांनी माझं मार्गदर्शन सोडल्याचं सांगितलं. कारखान्याचंही पत्र आलं, परवानगी रद्द. विषय शोधण्यापासूनचं अडीच वर्षांचं काम गेलं. मला त्याचं जेवढं वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नाही, याचंच नवल वाटतं.

भागूबाईंच्या उसाचं काय झालं?

दीपा


पुणतांबा,
६ एप्रिल १९९७

चि. दीपा, आशीर्वाद.

भागूबाईनं परवान्याची वाट बघितली नाही. फेब्रुवारीच्या शेवटी दोन सुना आणि भावजय घेऊन तिनं स्वतःच ऊस तोडला आणि बैलगाडीनं गुऱ्हाळावर नेला. ऊस हलका झाला होता, पण गूळ पिवळाधमक निघाला. एक ढेप माझ्या दारात ठेवून गेली. म्हणाली, 'तुज्या भाचीला धाड. लई शिकली, पर डोकं चालतंय तिचं.'

त्यानंतर चौदा मार्चला तोडणीची टोळी मालमोटार घेऊन तिच्या शेतावर हजर झाली. हातात परवाना. शेतात नुसतं पाचट. भागूबाईनं त्यांना पाणी पाजलं आणि बांधावरून फिरवून सगळं रान दाखवलं. टोळीचा मुकादम परत जाऊन म्हणाला, शेत रिकामं आहे. संध्याकाळी यादी निघाली, त्यात भागूबाईच्या नावापुढं 'तोड पूर्ण'. तुझी टक्केवारी शाबूत आहे, काळजी करू नकोस.

आता माझं. चौकशी संपली. तीन संचालक आणि एक वकील टेबलामागं बसले होते. तारखा यंत्रात कुणी बदलल्या, यावर ते म्हणाले, तांत्रिक बाब आहे, कंपनीला कळवलं आहे. मग त्यांनी तुझ्या निबंधाची प्रत पुढं टाकली. 'तुम्ही बावीस वर्षं खोट्या नोंदी केल्या, हे खरं का?' मी म्हटलं, खरं. कुणाच्या सांगण्यावरून, ते मात्र कुणी विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं. तेव्हा लिहून घेणाऱ्यानं पेन खाली ठेवलं होतं. शिक्षा म्हणून मला सक्तीनं घरी बसवलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

तू स्वतःला बोल लावशील, म्हणून आधीच बजावतो. तसं लिहिलंस तर पत्र न वाचता परत धाडीन. माझं मलाच बोलायचं होतं. सभेत उभं राहायचं धाडस नव्हतं, ते तुझ्याकडून करून घेतलं. तुझी मामी तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'बरं झालं. आता रातच्याला दचकून उठनार न्हाई तुमी.' मी दचकून उठतो, हे मला माहीतच नव्हतं.

गूळ सोबतच्या माणसाकडून पाठवला आहे.

मामा


पुणे,
११ जून १९९७

ती. मामांना,

परत धाडू नका, बोल लावत नाही. पण चीड येते ती लिहू द्या. ज्यांनी तारखा चोरल्या ते फेटा बांधून फिरतात, आणि ज्यानं कबूल केलं त्याला घरी बसवतात. सरांना या महिन्यात पुरस्कार मिळाला. विषय, ग्रामीण भागातील संगणकीकरण. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी नव्हते.

एक बरं झालं. कृषी विद्यापीठातल्या एका बाईंनी माझा निबंध कुठूनतरी मिळवून वाचला. त्यांचं पत्र आलं. लिहितात, यंत्र अपयशी ठरल्याची संशोधनं पुष्कळ झाली, पण शंभर टक्के यशस्वी ठरून शेतकऱ्याला बुडवणाऱ्या यंत्रावर मी पहिल्यांदाच वाचलं. त्या मला विद्यार्थिनी म्हणून घ्यायला तयार आहेत. पहिल्यापासून सुरुवात करायची आणि आधी एक महिना बांधावर फिरायचं, ही त्यांची अट आहे.

गूळ संपला. भागूबाईंना सांगा, डोकं हळूहळू चालतंय.

दीपा


पुणतांबा,
२० जुलै १९९७

चि. दीपा,

महिनाभर बांधावर फिरायचंय ना, मग इथंच ये. काम तयार आहे.

झालं असं. कारखान्यानं गेल्या हंगामात कोवळा ऊस आधी तोडला आणि पिकलेला मागं ठेवला. साखरेचा उतारा पडला. अध्यक्ष ओरडले, की यंदा तरी खऱ्या तारखा काढा. पण यंत्रात गेल्या वर्षीच्या लागणीही इतक्यांदा खालीवर झाल्या आहेत, की संचालकांना स्वतःचा ऊस कधी लावला ते सांगता येईना. बरं, ताब्यात घेतलेली माझी वही शोधावी, तर ती कुठल्या कपाटात गेली कुणाला ठाऊक नाही.

इकडं जूनपासून आम्ही आमचंच काम सुरू केलं होतं. पहिली आली भागूबाई. म्हणाली, 'माजी तारीख लिव, आन् शेजाऱ्याची सही घे. मला एक कागद दे, तुज्याकडं एक ठेव.' दुसऱ्या दिवशी सात जण आले, आठवड्यात शंभर झाले. गेल्या वर्षीची असो की यंदाची, ज्याची लागण, त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्या. एकदा लिहिलेली तारीख बदलायची, तर त्या दोघांना पुन्हा बोलवायचं. पानावर एकही ओळ मोकळी नाही, मी खाली रेघच मारून टाकतो. गावातली माणसं आपल्या वस्तीत, आपल्या ओट्यावर येऊन बसतात. यातले काही जण आयुष्यात पहिल्यांदा इथं आले. चहाला नाही म्हणायची त्यांची सोय मामीनं ठेवलेली नाही.

परवा नितीन आला, मोटारसायकल लांब उभी करून. टाय नव्हता. ओट्यावर बारा-पंधरा माणसं होती, भागूबाईही होती. तो म्हणाला, 'काका, लागणीच्या तारखा हव्या होत्या.'

मी लिहितालिहिता विचारलं, 'लावलेल्या, का सोयीच्या?'

सगळे त्याच्याकडं बघत राहिले. त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, माघारी जाईल. पण तो उभाच राहिला आणि हळूच म्हणाला, 'लावलेल्या.'

भागूबाईनं सरकून त्याला जागा दिली. मी म्हटलं, बस मग. मी वाचतो, तू लिहून घे, आणि प्रत्येक पानाखाली तुझी सही कर. त्यानं खिशातून पेन काढलं. अक्षर त्याचं भयंकर आहे, पण संध्याकाळपर्यंत साठ शेतं उतरवून झाली. उद्या पुन्हा येणार आहे.

तुझा मामा,
भीमराज